आईला केमोनंतर खूप तोंड आलंय, काही गिळता येत नाही, लवकर सांगा

भांडुपकर
आईचं दुसरं केमो झालं. पाचव्या दिवसापासून तोंड आलंय ते कमीच होत नाहीये, गाल आतून, जीभ, हिरड्या सगळं लालभडक. आज मऊ भात तूप-मेतकूट कालवून दिला तर एक घास तोंडात धरून बसली, ना गिळता येतो ना थुंकता येतो, नुसतं डोळ्यातून पाणी. शेवटी वाटीत काढला. ओपीडीची तारीख पुढच्या गुरुवारची आहे, तोपर्यंत काय करू? गूगल बघून झालंय, ज्यांनी घरात कुणाचं केलंय त्यांनीच सांगा.

चिंचपोकळी
बर्फ! माझ्या मिस्टरांना फाईव्ह एफयू नावाचं केमोचं औषध होतं तेव्हा इंजेक्शनच्या पाच मिनिटं आधीपासून सिस्टर बर्फाचे तुकडे चघळायला लावायच्या, अर्धा तास. थंडीने तोंडातल्या शिरा आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. त्यांना खूप फरक पडला. आईंना बर्फ द्या, आईस्क्रीम द्या, पोटात पण जाईल काहीतरी.

मुलुंडची मावशी
जाईचा पाला चघळायला द्या, आमच्याकडे तोंड आलं की हेच. आणि रोज गुळवेलीचा काढा, ताकद टिकते.

कोरा चहा
थांबा जरा. भांडुपकर, कॅन्सर कुठला, औषध कुठलं, सलाईन की गोळ्या, आज कितवा दिवस, ताप आहे का, कवळी आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत आणि लोक उपाय सांगत सुटलेत.

भांडुपकर
मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालंय. सलाईनमधून ऑक्सॅलीप्लॅटिन आणि घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी. आज नववा दिवस. वरची कवळी आहे, लोक भेटायला येतात म्हणून दिवसभर घालून बसते. आईस्क्रीम केमोच्या दुसऱ्याच दिवशी दिलं होतं, पहिल्या चमच्याला घसा आवळला, श्वास अडकतोय म्हणून घाबरली. फ्रिजमधला तांब्या पण हातातून पडला, बोटांना करंट लागल्यासारखं झालं म्हणाली. पण मी तोंडाचं विचारतोय.

कोरा चहा
ते ऑक्सॅलीप्लॅटिनमुळे, थंडी नसांना सोसत नाही. घसा खरं तर बंद होत नाही पण माणूस घाबरतो. बर्फ, फ्रिजचं पाणी, आईस्क्रीम बंद ठेवा, फ्रिज दुसऱ्या कुणीतरी उघडा. @चिंचपोकळी, तुमचा उपाय खरा आहे पण यांच्या औषधाला उलटा पडेल.
कवळी आजच काढा, खाली जखमा होतात. जिभेवर पांढरा थर असेल तर बुरशी असू शकते, त्याला वेगळं औषध लागतं. ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दर दोन-तीन तासांनी गुळण्या. बाजारातलं झोंबणारं माउथवॉश नको. बाबांना डॉक्टरांनी बधिर करणारं जेल दिलं होतं, जेवायच्या आधी लावायचो मग चार घास जायचे. मेतकूट नको, मोहरी-मिरची झोंबते. मुगाचं कढण, दूध घातलेली नाचणीची पेज, कोमट.
आणि गोळ्या अजून देताय का? एवढं तोंड आल्यावर गुरुवारपर्यंत थांबायचं नसतं, आज फोन करा, बरेचदा थांबवायला सांगतात. तापाचं सांगितलं नाहीत.

मुलुंडची मावशी
तुम्ही डॉक्टर आहात का? पिढ्यान्‌पिढ्या लोक पाला खातात.

कोरा चहा
डॉक्टर नाही, बाबांचं दीड वर्ष केलंय. केमोत रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, कच्चा पाला तोंडातल्या उघड्या जखमेवर कशाला? आणि गुळवेलीने लिव्हरला त्रास झालेल्या पेशंटवर मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मधे पेपर लिहिला होता. आयुष मंत्रालयाला तो मान्य नव्हता, पण केमो चालू असताना ही रिस्क मी घेणार नाही.

रोजची लोकल
अवांतर, पण परळला जाताना दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, सर्टिफिकेट जवळ ठेवा. महात्मा फुले योजनेचं पण विचारून घ्या.

भांडुपकर
पैशाचं किंवा प्रवासाचं नाही विचारलं हो. ताप नाहीये. काल अंग कोमट लागलं म्हणून क्रोसिन दिली, उतरलं. आज दुपारी परत एक दिली.

कोरा चहा
हे आधी सांगायचं ना! हात लावून नाही, थर्मामीटर लावून बघा, तोंडात नको, काखेत. १००.४ किंवा वर असेल तर सरळ इमर्जन्सी, रात्र असो की रविवार. क्रोसिनने ताप झाकला जातो, आत इन्फेक्शन वाढतच राहतं. काखेत थोडा कमीच दिसतो, म्हणून १०० असला तरी आत्ता फोन करा. बाबांच्या वेळी आम्ही सकाळ होऊ दे म्हणून थांबलो होतो आणि मग आठ दिवस आयसीयू. नका थांबू.

चिंचपोकळी
हो हो, हे ऐका. बर्फाचं माझं सोडून द्या, मला औषध माहीत नव्हतं.

भांडुपकर
१००.९. फाईलवरच्या नंबरवर फोन केला, गोळ्या बंद करा आणि लगेच आणा म्हणाले. टॅक्सीत आहोत.

मुलुंडची मावशी
देव बरं करो. पोचल्यावर कळवा हो बाळा.

भांडुपकर
दोन दिवसांनी लिहितोय. पांढऱ्या पेशी खूपच खाली होत्या, ॲडमिट केलं, शिरेतून अँटीबायोटिक चालू आहे. आज सकाळपासून ताप नाही. जिभेवर पांढरा थर होताच, त्याला थेंब दिलेत. कवळी डबीत ठेवलीये, भेटायला कुणी येऊ नका म्हणून सगळ्यांना कळवलं. दुपारी तिने अर्धी वाटी कढण स्वतःच्या हाताने घेतलं. कोरा चहा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. घरी गेल्यावर माठातलं पाणी चालेल का?

कोरा चहा
माठ नको, गार असतो. उकळून कोमट, थर्मासमधे भरून तिच्या उशाशी ठेवा, म्हणजे रात्री उठून फ्रिजकडे जाणार नाही.