मदत हवी आहे: खाणावळीचं फूड सेफ्टी ऑडिट, तयारी कुठून सुरू करू?

सुरंगी_फोंडा

नमस्कार मंडळी,

फोंड्यात आमची शीत-कडीची, म्हणजे भात-कालवणाची, खाणावळ आहे. सासऱ्यांनी सुरू केली, आता मी आणि नवरा बघतो. सकाळी भाजी-पाव, दुपारी थाळी, संध्याकाळी भजी. सोमवारी शाकाहारी, एरवी बांगडा, सुंगटं (कोळंबी), तिसऱ्या, जे बाजारात बरं मिळेल ते. एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) स्टेट लायसन्स आहे, भिंतीवर लावलंय, बिलावर चौदा आकडी नंबरही छापतो. एफडीएचे (राज्याच्या अन्न व औषध खात्याचे) साहेब अधूनमधून येऊन बघून जातात, त्यामुळे तपासणीची तशी भीती नाही.

आता कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीला दुपारचं जेवण पुरवायची बोलणी चालू आहेत. रोजची दीडशे ताटं. अट अशी की आधी त्यांच्या एजन्सीचा माणूस येऊन किचनचं ऑडिट करणार. 114 गुणांची चेकलिस्ट मेलवर आलीय. मुदत महिनाभर.

परिस्थिती आहे तशी सांगते. नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी, धुण्या-भांड्याला मागची विहीर, मे महिन्यात दोन्हीची बोंब झाली की टँकर. फ्रीज एक, डीप फ्रीजर एक. मोरीला जाळी नाही. स्वयंपाक मावशी करतात, सासऱ्यांच्या काळापासूनच्या, हाताखाली तिघं. कडी सकाळी दहालाच मोठ्या टोपात तयार होते आणि झाकून ओट्यावर राहते. उरली तर रात्री फ्रीजमध्ये.

एका कन्सल्टंटने फोनवर सांगितलं, तुम्ही काही करू नका, मागच्या सहा महिन्यांची तापमानाची, सफाईची रजिस्टरं भरून फाइल मी देतो. पैसे ऐकून घाम फुटलाच, पण मुळात ते पटलं नाही. खरंच सगळे असंच करतात का? आणि महिनाभरात आधी कशाला हात घालायचा?

म्हापशेकार

ताई, त्या फाइलवाल्याला आधी वाटेला लावा.

ओळखीच्या एका हॉटेलातली गोष्ट. ऑडिटर आला, फाइलीकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ भांडी घासणाऱ्या पोराकडे गेला, म्हणाला हात कसे धुतोस, दाखव. मग फ्रीजमध्ये स्वतःचा थर्मामीटर ठेवला, स्टोअर बघून आला, आणि तेव्हा रजिस्टर मागितलं. रजिस्टरात सकाळ-संध्याकाळ 4 अंश, 4 अंश, सगळं एकाच पेनाने, एकाच अक्षरात. थर्मामीटरवर 9. पुढचे दोन तास त्याने एकाही कागदावर विश्वास ठेवला नाही.

तुम्ही आजपासून खरी नोंद ठेवा. महिन्याभराची खरी पानं, त्यात एखाद्या दिवशी लाइट गेली म्हणून फ्रीज 8 वर गेला, मग काय केलं ते लिहिलेलं, हे ऑडिटरला जास्त पटतं.

चेकलिस्ट वाचताना चांदणीचे (* खूण असलेले) प्रश्न वेगळे काढा. ते 4 गुणांचे, बाकीचे 2 चे. चांदणीच्या एकातही नापास झालात तर बेरीज चांगली असूनही अडकू शकता. 80 च्या खाली तर ग्रेडच नाही. पाण्याचा प्रश्न चांदणीचा आहे, तेव्हा तिथून सुरुवात करा.

प्रयोगशाळा_मडगाव

वरच्याशी सहमत. पाण्यासाठी: वर्षातून दोनदा आयएस 10500 (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणे तपासणी आणि रिपोर्ट फाइलला, असं चेकलिस्टच म्हणते. नळ आणि विहीर दोन्हींचे नमुने द्या, कारण विहिरीच्या पाण्याने धुतलेल्या ताटातच जेवण वाढलं जातं. बाटली लॅबकडूनच घ्या, निर्जंतुक असते. घरच्या बिसलेरीच्या बाटलीत नेलेल्या नमुन्याला अर्थ नाही. पहिल्या पावसानंतर विहीर पुन्हा तपासा, वरचं सगळं आत झिरपतं. टँकरवाल्याकडे पाण्याचा रिपोर्ट मागा आणि पावत्या जपून ठेवा. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच लिहा.

जाळी, टाइल्स वगैरे होऊन जाईल. मला काळजी आहे ती टोपातल्या कडीची आणि बांगड्याची.

कडीचा हिशेब असा: मांसाहारी पदार्थ गरम ठेवायचा तर 70 अंश, शाकाहारी 65. थंड ठेवायचा तर 5 किंवा त्याखाली. मधल्या पट्ट्यात तो जितका वेळ बसेल तितके जंतू वाढतात. दहाला केलेली कडी ओट्यावर झाकून एकपर्यंत राहिली म्हणजे ती याच पट्ट्यात बसली. टोप जितका खोल, तितकी मधली कडी उशिरा निवते. एकदा करून बघा: वरून कोमट लागते, थर्मामीटरची सुई मध्यात खुपसली की आकडा बराच वर असतो. असा टोप तसाच फ्रीजमध्ये घातला तर कडी रात्रभर आत कोमट राहते आणि शेजारचं दूधही तापवते.

उरलेलं ठेवायचंच असेल तर लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळत राहा. 60 वरून 21 वर दोन तासांत, तिथून 5 वर पुढच्या दोन तासांत. परत गरम करताना 75 अंश, दोन मिनिटं. माझं स्पष्ट मत: दीडशे ताटांच्या ऑर्डरमध्ये उरलेली कडी ठेवूच नका, आणि स्वयंपाकाची वेळ दहावरून पुढे ढकला. फोंडा ते कुंडई अंतर ते किती! भातालाही हेच लागू. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि कोमट भातात पुन्हा वाढतात.

आता बांगडा. बांगडा, तारली, कुपा (ट्यूना) ही मासळी उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल, अंगावर गांधी, डोकेदुखी. लोक म्हणतात मासळीची अ‍ॅलर्जी. हे हिस्टामिन तळून, उकळून जात नाही, फ्रीजरमध्ये टाकूनही जात नाही. मीठ, हळद, आगळ (कोकमाचा रस) लावूनही नाही. म्हणून बाजारातून घरी येईपर्यंतचा बर्फच महत्त्वाचा. मासळी कोणाकडून घेतली, किती वाजता आली, आली तेव्हा तापमान किती, एवढं वहीत रोज. 2018 च्या फॉर्मेलिन प्रकरणापासून गोव्यात मासळी कुठून घेता हा प्रश्न कोणीही विचारतो, ऑडिटर तर विचारणारच.

बर्फाचं आणखी एक. मासळीखालचा बर्फ आणि सोलकढीत टाकायचा बर्फ यांची गाठ पडता कामा नये. अखाद्य बर्फाला निळा रंग द्यायचा नियम आहे, पण रंग दिसला नाही म्हणून खाण्याजोगा समजू नका.

आजोबा_सत्तरी

अगो बाये, एवढं कशाला? विहिरीचं पाणी पिऊन, कालची कडी आटवून खाऊनच आम्ही वाढलो. कालच्या हुमणाची (माशांच्या कडीची) चव ताज्याला नाही. कोणाला काही झालं नाही.

म्हापशेकार

आजोबा, कालच्या हुमणाबद्दल वाद नाही. पण घरात दहा माणसं, टोपातून थेट ताटात. इथे दीडशे जेवणं डब्यात बंद होऊन गाडीतून जाणार, आणि त्यातली पाच माणसं आजारी पडली तर कंपनी चव विचारणार नाही.

सुरंगी_फोंडा

सगळ्यांचे आभार. मावशींना थर्मामीटर दाखवला तर म्हणाल्या, कडीला ताप आलाय का! पण आकडा बघून स्वतःच गप्प झाल्या. फाइलवाल्याला नाही म्हणून कळवलं.

आणखी दोन शंका. भजी आम्ही वर्तमानपत्रावर टिपतो, चालेल का? आणि तळणाच्या तेलाचं काय? मासे वेगळ्या कढईत, भजी वेगळ्या, पण तेल दुसऱ्या दिवशी गाळून वापरतो.

प्रयोगशाळा_मडगाव

वर्तमानपत्र आजच बंद करा, छपाईची शाई तेलात उतरते. स्टीलची जाळी घ्या. तेलात टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर तयार होणारे घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते टाकायचं, 2018 पासूनचा नियम आहे. मोजायचं यंत्र महाग असतं, छोट्या खाणावळीत फेस, धूर, काळपटपणा आणि चिकटपणा बघूनच ठरवतात. पण कालच्या तेलात नवं ओतत राहणं बंद. 50 लिटरच्या वर रोजचं तेल असेल तर नोंदी आणि अधिकृत गोळा करणाऱ्याला देणं सक्तीचं. तुमचं तेवढं नसेल, तरी मोरीत ओतू नका.

भज्यात रंग नसेल असं धरते. 2024 मध्ये म्हापशात गोबी मंचुरियनवर बंदी आली ती रंगापायीही.

थर्मामीटरची सुई प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसा. आठवड्यातून एकदा ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात धरा, 0 दाखवायला हवा. तीही नोंद वहीत.

म्हापशेकार

कामगारांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. सगळ्यांची, मावशींचीही, वर्षातली वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, दाखले फाइलला. तुम्ही स्वतः फॉस्टॅकचं, म्हणजे एफएसएसएआयचं अन्नसुरक्षेचं, प्रशिक्षण करून घ्या. 25 माणसांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो, तुमच्याकडे तुम्हीच पुरेशा. हात धुवायचं बेसिन वेगळं, साबण द्रवरूप. मासळीची आणि भाजीची विळी-पाट वेगवेगळे.

आणि एक, जे महिना संपताना आठवेल म्हणून आत्ताच. लायसन्सवर व्यवसायाचा प्रकार काय लिहिलाय बघा. फक्त रेस्टॉरंट असेल तर बाहेर जेवण पुरवण्यासाठी केटरर हा प्रकार जोडून घ्यावा लागेल. फॉसकॉस या एफएसएसएआयच्या लायसन्स पोर्टलवर बदलाचा अर्ज होतो, अडलं तर बांबोळीला एफडीएच्या ऑफिसात जाऊन विचारा. हे काम तुमच्या हातात नाही, त्यांच्या वेळेने होणार, म्हणून जाळी-मोरीच्या आधी हा अर्ज टाका.