आकाशातल्या पट्ट्या आणि तुटलेला दगड

शेजारशेजारचे फोटो जोडून एक रुंद फोटो (पॅनोरमा) केला की कधीकधी त्यात आकाशाच्या फिक्या-गडद पट्ट्या दिसतात. बहुतेक ऑटो एक्स्पोजरचा (किती प्रकाश घ्यायचा हे कॅमेराच दर फोटोला ठरवतो, त्याचा) प्रताप! सूर्याकडे वळलं की फोटो काळवंडतो, पाठ केली की उजळतो. एक्स्पोजर आपण ठरवायचा मॅन्युअल मोड नसेल तर 'स्टिच असिस्ट' हा जोडायचे फोटो काढण्यासाठीचा मोड शोधा. कॅननच्या बऱ्याच जुन्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांमध्ये तो आहे. त्यात पहिल्या फोटोचं एक्स्पोजर पुढेही तेच राहतं.

कोकणकड्यावर मी कॅमेरा उभा धरून नऊ फोटो घेतले, प्रत्येकात तिसरा हिस्सा आधीच्या फोटोतला. हगिनमध्ये (फोटो जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे) दरी झकास जुळली, पायाजवळच्या दगडाचे मात्र दोन तुकडे! हात लांब करून मीच गोल फिरलो होतो, त्यामुळे लेन्स जागेवरून सरकली आणि जवळचा दगड दरीच्या तुलनेत दर फोटोत वेगळ्या जागी आला. आता लेन्स एका जागी ठेवून स्वतः तिच्याभोवती फिरतो. कड्यावर हा प्रयोग जपून.