मारुती ८०० साठी जुन्या स्टॉकचा रबर माल घ्यावा का? बजेट ४,०००

जुनी_८००
नमस्कार मंडळी. वडिलांची ८०० आहे, १९९९ ची. स्टेशनकडचं एक जुनं स्पेअर पार्टचं दुकान बंद होतंय, मालक माळ्यावरचा माल काढतायत. दारांचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी), सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश, रेडिएटरचे दोन्ही पाईप, मागच्या ब्रेकच्या व्हील सिलिंडरचं रबर किट आणि इंजिनाचा टायमिंग बेल्ट. सगळं कंपनीच्या बंद पिशवीत, पॅकिंग २००८ ते २०११. एकूण २,२०० सांगतात. पिशवीवरून दाबलं तर मऊ लागतं. इतकी वर्षं पडून राहिलेलं रबर चालेल का? मजुरीसकट ४,००० च्या वर जायचं नाही. गाडी गावातच फिरते, अधूनमधून पंढरपूर.

होटगीरोडकर
अजिबात घेऊ नका. दुकानात पडून असलेले बुश मी टाकले होते, पावसाळा संपायच्या आत खडखड सुरू. शेवटी पुण्याहून सगळं सस्पेन्शन नवीन मागवलं. १४,००० गेले, पण आता गाडी कशी चालते ते बसून बघा. तुम्ही पण तेच करा.

जुनी_८००
१४,००० मध्ये माझी चार वर्षांची सर्व्हिसिंग होते ओ.

आसरा_चौक
कंपनीचा माल तो कंपनीचाच. आजचं लोकल बीडिंग दोन उन्हाळे काढत नाही. बिनधास्त घ्या.

मोल्डिंगवाला
बिनधास्त नको. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत रबर मोल्डिंगला होतो. सगळं रबर एक नसतं. बीडिंग आणि रेडिएटरचे पाईप बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे, त्याला हवेतला ओझोन फारसा खात नाही. बुश, माउंटिंग बहुधा नैसर्गिक रबराचे, त्यांना ताण आणि ओझोन मिळाले की चिरा पडतात. आयएसओ २२३० या आंतरराष्ट्रीय मानकात साठवणीची मुदत दिलीय: नैसर्गिक रबर ५ वर्षं, नायट्राइल रबर ७, ईपीडीएम आणि सिलिकॉन १०, पुढे तपासून थोडी वाढ. तीही अंधारात, २५ अंशांच्या आत ठेवलं तर. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४२-४३, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. शिवाय पिशवीवरची तारीख पॅकिंगची असते, माल त्याआधीचा असू शकतो. काही मोल्डेड पार्टवर घड्याळासारखा छोटा गोल असतो, त्यात महिना-वर्ष असतं. पिशवी उघडून तो बघा.

बाळीवेस
टायरवर पण तारीख असते. शेवटचे चार आकडे बघायचे. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. मी दुकानदाराला बॅटरी लावून दाखवलं आणि टायर बदलून घेतले.

होटगीरोडकर
टायरचं कोण विचारतंय इथं? आणि जुन्या रबरावर पांढरी भुकटी येते, ती आली की रबर संपलं.

मोल्डिंगवाला
तसं नाही. ती बहुतेक मेणाची असते, ओझोनपासून जपायला रबरात घातलेलं मेण वर येतं. कोरड्या फडक्यानं पुसा. खाली काळं, गुळगुळीत निघालं तर चांगलं. अंगठ्यानं वाकवून बाहेरच्या वळणावर टॉर्च मारा. केसाएवढ्या चिरा दिसल्या की परत द्या.

आसरा_चौक
बीडिंगला खोबरेल चोळलं की वर्षानुवर्षं टिकतं, आमच्या आजोबांच्या फियाटला तसंच करायचो.

मोल्डिंगवाला
तेल लावू नका, ईपीडीएम तेलानं फुगतं. ब्रेकच्या किटला तर डिझेल, ग्रीस काहीच लागता कामा नये. किटमधले रबरी कप फुगून ब्रेक जाम होतात, आणि आपल्याकडे फिटर डिझेलनंच धुतात. ब्रेकचं किट नवीनच घ्या, ताज्या तारखेचं. ब्रेकवर पैसे वाचवायचे नसतात.

विजापूर_वेस
बेल्टचं कुणीच बोललं नाही. दुकानात बेल्ट खिळ्याला टांगून ठेवतात, खिळ्यापाशी घडी पडते. आतले काचेचे धागे तिथंच तुटतात, वरून काही दिसत नाही. पंढरपूरच्या वाटेवर बेल्ट तुटला तर रस्त्यातच उभे राहाल. सोडून द्या.

बाळीवेस
हेच म्हणतो. तारीख बघून घ्या.

होटगीरोडकर
बुश तरी नका घेऊ, पुन्हा सांगतो.

मोल्डिंगवाला
बुशबद्दल यांच्याशी सहमत.

जुनी_८००
आज जाऊन आलो. बीडिंगवर पांढरं होतं, पुसलं तर खाली एकदम काळं. एक पाईप तोंडाशी कडक लागला, तो परत दिला. बेल्ट आणि ब्रेक किट सोडलं, किट नवीन घेतलं. बुश मात्र घेतले. सगळ्यांनी नको म्हटलं तरी घेतले, कारण समोर बसून वाकवून बघितले, एकालाही चीर नाही, आणि इथं मिळणाऱ्या बिननावाच्या बुशवर माझा त्याहून कमी भरवसा आहे. मालकांनी सगळं १,३०० ला दिलं. गुरुवारी फिटिंग.

होटगीरोडकर
दिवाळीला सांगा काय झालं ते.

विजापूर_वेस
घेतलेच आहेत तर एक करा. फिटरला सांगा, बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्का आवळायचा नाही. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावर आवळा. लटकत्या आर्मवर आवळला तर बुशला कायमचा पीळ बसतो, नवा असो की जुना.