वर्ग आवरत नाही? शिक्षकांनो, तुमचे अनुभव सांगा

चाफा
काल रात्री भाचीचा फोन आला. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड झाली, भोर तालुक्यात डोंगरातली दुशिक्षकी शाळा मिळाली. पहिली-दुसरी तिच्याकडे. "मावशी, पोरं ऐकतच नाहीत गं. एकाला बसवलं की दुसरा उठतो. घसा बसलाय माझा." तिचं ऐकता ऐकता मला मी शिकवलेली सातवी आठवली आणि तो वीजबिलाचा तास.

शेकडेवारी चालू होती. पुस्तकातल्या दुकानदाराने किती टक्के सूट दिली यात मागच्या तीन बाकांना काडीचाही रस नव्हता. म्हणून सगळ्यांना घरून विजेचं बिल आणायला सांगितलं. कुणी घडी घातलेलं, कुणी तेलाचे डाग पडलेलं, कुणी शेजाऱ्यांचं मागून आणलं. गट पाडले. आधी चालू रीडिंगमधून मागचं रीडिंग वजा करून युनिटं काढली. तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली, "बाई, आमची शंभर युनिटं, हिची दोनशे. मग हिचं बिल आमच्या दुप्पट पाहिजे. एवढं जास्त कसं?"

मी उत्तर दिलं नाही. बिलावरच शोधा म्हटलं. दर वेगवेगळ्या टप्प्यांना वेगवेगळा असतो हे त्यांनीच हुडकलं, ० ते १०० ला एक, १०१ ते ३०० ला दुसरा. मग हिशेबाला सोपे आकडे घेतले. समजा पहिल्या शंभराला ४ रुपये आणि पुढच्याला १०. शंभर युनिटांचे ४०० झाले आणि दोनशेचे १४००. युनिटं दुप्पट, पैसे साडेतीनपट! वर्गात नुसता कल्ला, पण सगळा कामाचा. त्यानंतर १६ टक्के वीज शुल्क आलं आणि शेकडेवारी कुणी न सांगता वहीत उतरली. कधी वही न उघडणारा एक मुलगा बिलावरचे मागच्या महिन्यांचे आकडे घेऊन आलेख काढत बसला होता.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. वर्ग गप्प बसवणं हे आपलं काम नाही. हाताला आणि डोक्याला खरं काम मिळालं की वर्ग लागतो. पण हे सातवीचं झालं. पहिली-दुसरीच्या चिल्ल्यापिल्ल्यांचं काय करावं? तिच्यासाठी लिहा. बाकी कुठल्याही इयत्तेचे अनुभवही येऊ द्या.

पाटीपेन्सिल
महापालिकेच्या शाळेत आयुष्य गेलं, पन्नासच्या वरचे वर्ग. पहिलं सांगते, भाचीला ओरडणं आजपासून बंद करायला सांगा. आपण आवाज चढवला की मुलं त्याच्या वर चढवतात. मी टाळीचा ठेका ठेवला होता. मी दोन-एक-दोन वाजवायचे, ज्याला ऐकू येईल त्याने तोच वाजवायचा. पुढचे दोन बाक वाजवतात, मग मधले, तिसऱ्यांदा अख्खा वर्ग. त्यानंतर हळू आवाजात बोलायचं. अगदी हळू.

दुसरं, फळ्याच्या कोपऱ्यात "बोलणाऱ्यांची नावं" लिहिणं. कृपा करून नको. त्या यादीत रोज तीच चार नावं असतात आणि ती चार मुलं त्या यादीला सरावतात.

तिसरं, "खोडकराला मॉनिटर करा" हा सल्ला तिला दहा जण देतील. मला तो पटत नाही. दांडगा मुलगा मॉनिटर झाला की ठाणेदार होतो, बाकीच्यांना धाक दाखवतो. त्याला माणसांवर नको, वस्तूंवर नेमा. पाण्याचं पिंप भरलंय का, खडू संपलेत का, कुंड्यांना पाणी. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याच्याकडे वर्गाचं घड्याळ दिलं. सेल बदलायचा, वेळ लावायची, दर तासाला फळ्यावर किती वाजले ते लिहायचं. घड्याळ त्याला याच कामातून समजलं.

शेवंती
भारी धागा चाफाताई! कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. दोन-एक-दोन मी आजच घरी करून बघणार, दोनच पोरं आहेत पण पन्नासाच्या तोडीची 😄

रानजाई
बालबाजार कुणीच कसा काढला नाही अजून?

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत दरवर्षी होतो. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाच असेल, पटांगणात सतरंज्या, मेथी, कोथिंबीर, भेळ, साहेब येऊन फीत कापतात, फोटो, संपलं. पोरांना मजा येते पण शिकणं अर्धंच राहतं. मी चौथीला दुसऱ्या दिवशी हिशेब लिहायला बसवायचे. एकीने लिहिलं, मेथीच्या वीस जुड्या, दहा रुपयाला एक, नफा २०० रुपये. मी विचारलं, खर्च? "खर्च नाही बाई, घरच्या रानातली आहे."

मग फळ्यावर मांडत गेलो. बियाणं. खत. पाण्याची मोटार. जुड्या बांधल्या कुणी? आईने. खुरपलं कुणी? आईने. आणि ती पोरगी म्हणाली, "आईची मजुरी किती धरायची?" एक जण म्हणाला, आईला कुठं मजुरी असते. दुसरी तडकली, माझी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते तेव्हा रोज मिळतो, मग स्वतःच्या रानात का नाही? अर्धा तास भांडण. मी मध्ये पडले नाही, फक्त एका वेळी एकानेच बोलायचं एवढं पाळायला लावलं. शेवटी गावातला खुरपणीचा रोज फळ्यावर लिहिला, किती वेळ लागला त्याचा अंदाज घेतला आणि नफा पुन्हा काढला. २०० चे बरेच खाली आले. नफा-तोट्याचं त्याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या पुस्तकात दिसलं नाही.

भटक्या
बोरं, चिंचा, आवळे! आमच्या बाजारात बोरांच्या टोपलीपाशी गिऱ्हाइकापेक्षा मित्रच जास्त. रानजाई, "आईची मजुरी" वाचून थांबलो. घरी बायकोला वाचून दाखवलं.

किनारा
मी वेंगुर्ल्याकडचा. पाचवीला गणित होतं. वर्गात निम्मी मुलं मासेमारांची. सकाळी होडी येणार असेल तर पोरं उशिरा येणार, त्यात काही गैर नाही. मी हजेरीवरून कटकट करणं सोडलं आणि त्यांनाच विचारलं, उद्या भरती कितीला?

सगळ्यांना माहीत होतं! कसं काढता विचारलं तर एकाच्या आजोबांचा हिशेब, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी म्हणजे चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. ढोबळ आहे, पण होडी लोटायला पुरतो. अपूर्णांकांचा गुणाकार मला दोन आठवडे शिकवून गळी उतरत नव्हता, तो त्या आजोबांच्या पाऊणकीने, म्हणजे पाऊणच्या पाढ्याने उतरला.

मग किनाऱ्यावर एका खांबावर खडूने खुणा केल्या आणि वेळा टिपल्या. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते हे मुलांच्या वहीत आलं. पाऊणपटीत रोजची पंचेचाळीसच मिनिटं धरतात, मग पौर्णिमेपर्यंत चूक किती साचेल? हा प्रश्न मी काढला नव्हता, पोरांनीच काढला. पंधरा गुणिले पाच, सव्वा तास. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "पुनवेक कोण तिथी बघता, चंद्र दिसता मा?"

शेवंती
आजोबा 👏👏 पावकी-निमकी-पाऊणकी आमच्या आजीला पाठ होती. आम्हाला कुणी शिकवलीच नाही. आता तर बावीसला वीस दोन म्हणायचं ना?

भटक्या
२०१९ चं दुसरीचं पुस्तक. जोडाक्षरं टाळायला वीस एक, वीस दोन आणलं होतं, केवढा गदारोळ झाला तेव्हा. मला विचाराल तर लहान मुलांना एकवीस लिहिताना १२ होतो, कारण आपण एकक आधी बोलतो. अडचण खरी आहे.

पाटीपेन्सिल
अहो तो वाद इथे नको, त्यात धागा वाहून जाईल. दोन्ही म्हणू द्या मुलांना, हाच माझा उपाय होता.

साधा माणूस
सगळं छान आहे. पण खरं सांगू का, वेळ कुठे आहे? मी सध्या नोकरीत आहे. सकाळी पोषण आहाराची नोंद, मग ऑनलाइन माहिती, दुपारी आणखी एक लिंक "आजच भरा". बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम आहेच. दुशिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की चारही इयत्ता एकावर. भाचीबाईंचा घसा मुलांनी बसवलेला नाही, व्यवस्थेने बसवलाय. शिक्षणसेवकाचं, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाचं महिन्याचं मानधन आता १६ हजार तरी आहे, २०२३ च्या आधी ६ हजार होतं. एवढ्या पैशात दुसऱ्या गावात खोली घेऊन राहायचं, यायचं-जायचं, वर नवनवीन उपक्रम. चिडून लिहिलंय, पण मनापासून लिहिलंय.

चाफा
साधा माणूस, तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. मीही निवडणुकीच्या कामावर गेलेली आहे, वर्ग वाऱ्यावर सोडून. म्हणूनच वीजबिलासारखे तास मला आवडतात, साहित्याला खर्च नाही, तयारीला रात्र जागायला नको. बाकी मागण्या करत राहायलाच हवं, त्यात मी तुमच्या बाजूने.

जुनं पान
माझी आत्या पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला शिकवत असे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेले सगळे. आदिवासी मुलं शाळेत येईनात तर शाळाच वाडीत अंगणात नेली, त्यातून अंगणवाडी. जरा मोठी मुलं गुरं घेऊन रानात, तर तिथे कुरणशाळा. गुरं चरतायत आणि मुलं शिकतायत.

आत्या सांगायची की पहिले काही दिवस अक्षराचं नावही काढायचं नाही. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, गाणी, आणि शंख, शिंपले, बिया, पानं मांडून खेळ. बियांची रांग करता करता मोजणी. शिस्त म्हणून वेगळं काही शिकवावं लागत नसे. किनारा यांची होडीवाली मुलं वाचून तेच आठवलं, मूल जिथे आहे तिथून सुरुवात.

मोगरा परदेशी
इकडे न्यू जर्सीत रविवारची मराठी शाळा चालवतो आम्ही, बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम. मुलं आईबाबांनी ओढून आणलेली, झोपाळलेली. बाराखडी घेतली की चेहरे पडतात. एकदा सरळ गॅसची शेगडी आणि पोह्यांचं सामान नेलं. कृती मराठीत वाचायची, वाचली तरच पुढची वस्तू हातात. "मोहरी तडतडली की" हे वाचून एक मुलगा भांड्याला कान लावून बसला. (लांबूनच, मी शेजारी होते!) पुढच्या रविवारी सगळे वेळेवर, आज काय करायचं विचारत.

शेवंती
पोह्यांची आठवण काढलीत, आता उद्या तेच. मोगरा, तिकडे जाडे पोहे चांगले मिळतात का हो?

मोगरा परदेशी
मिळतात गं, कोथिंबीरच फक्त चवीला वेगळी लागते.

रानजाई
चाफाताई, भाचीसाठी लिहायचं राहून गेलं. पहिली-दुसरी एकत्र असेल तर दोघांना एकाच वेळी शिकवायचा प्रयत्न नको. पहिलीची मुलं दहा मिनिटांच्या वर एका जागी टिकत नाहीत, ते गृहीतच धरायचं. दुसरीला काड्या मोजून दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधायला द्यावेत. दशकही होतं आणि हातही गुंतलेले राहतात. तेवढ्यात पहिलीला घेऊन अंगणात जायचं, पानं गोळा करायची, लहान-मोठी लावायची. परत आल्यावर अदलाबदल. दाराच्या आत प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी टांगावी, आल्या आल्या आपली पट्टी "आलो"च्या खिळ्यावर लावायची. हजेरी आपोआप होते आणि पहिलं वाचन स्वतःच्या नावाचं.

आणि गावात एखादी म्हातारी असेल जिला गोष्टी येतात, तिला आठवड्यातून एकदा बोलवायला सांगा. घशालाही विश्रांती.

पाटीपेन्सिल
नावाच्या पट्टीला शंभर गुण! सुरुवातीला नावाशेजारी चित्र काढायचं, फूल, पतंग, बैल, ज्याला जे हवं ते. दिवाळीनंतर चित्र काढून टाकायचं.

चाफा
हे सगळं तिला पाठवते आहे. तिच्याकडे रेंज फक्त शाळेच्या ओट्यावर येते, त्यामुळे उत्तर उद्याच. साधा माणूस, तुम्हाला कुठली इयत्ता आहे? वीजबिलाचा कागद माझ्याकडे अजून आहे, हवा तर फोटो टाकते.

साधा माणूस
सहावी-सातवी. टाका, नक्की टाका. शनिवारी घेतो.

शेवंती
किनारा, ती पाऊणकी पूर्ण टाका ना इथे. माझ्या लेकीला पाठ करायची आहे, तिथीसकट.

किनारा
टाकतो. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, सहा पाऊण साडेचार, सात पाऊण सव्वापाच, आठ पाऊण सहा. पुढचं जेवून आल्यावर, ताट वाढलंय.