गणपतीला गावी जातोय, कॉकटिएलला कोणाकडे ठेवू?

मृण्मयी_डोंबिवली
नमस्कार, आमच्याकडे कॉकटिएल (तुऱ्याचा छोटा पोपट) आहे, चिकू, दोन वर्षांचा. घरात आम्ही दोघंच त्यामुळे त्याला आमची फार सवय, संध्याकाळी लॅचची किल्ली वाजली की आतून शिट्टी सुरू. आता गणपतीला कणकवलीला सासरी जायचंय, गौरी-गणपती उरकून परत येईपर्यंत आठ दिवस तरी जातील. सोबत न्यायचा विचार केला होता पण गणपतीतली रेल्वेची गर्दी माहितीच आहे, आणि गावच्या घरी तीन मांजरं, शिवाय दिवसभर धूप-कापूर चालू. शेजारच्या काकू म्हणतायत मी बघते, पण त्यांनी पक्षी कधी पाळला नाही. जवळ एक पेट हॉस्टेल आहे तिथे पक्षीही ठेवतात म्हणे. नवरा म्हणतो दोन वाट्या जास्तीच्या भरून ठेवू, मला ते अजिबात पटत नाहीये. तुम्ही काय करता?

बजीवाला
ताई, वाट्या भरून जायचं डोक्यातून काढूनच टाका. आमच्याकडे बजी होते, दुकानात लव्हबर्ड म्हणून देतात ते. पाच दिवस बाहेर गेलो, भाऊ रोज येऊन बघायचा, वाटी काठोकाठ भरलेली दिसायची म्हणून तो नुसतं पाणी बदलून जायचा. ती सगळी फोलपटं होती हो. हे दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात, वरून बघितलं तर बाजरी-राळं जसंच्या तसं वाटतं. आलो तर एक पिंजऱ्याच्या तळाशी मेलेला. भावाची काहीच चूक नाही, त्याला आम्ही सांगितलंच नव्हतं. काकूंना फुंकर मारून फोलपटं कशी उडवायची ते प्रत्यक्ष करून दाखवा, नुसतं सांगू नका.

अनघा_नाशिक
माझं मत काकूंनाच. हॉस्टेलमध्ये बाकीचे पक्षी कुठून आलेत, आजारी आहेत का कळत नाही, आणि बाजूला कुत्री भुंकत असली तर कॉकटिएल खाणंच सोडतो. पिंजरा तुमच्याच घरात नेहमीच्या जागी राहू दे, काकू सकाळ-संध्याकाळ येतील. त्यांच्या घरी न्यायचाच असेल तर स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत जातो. डासांची कॉइल पण नको.

आणि आत्तापासूनच काकूंना रोज अर्धा तास बोलवा. त्यांच्या हाताने कोथिंबीर खायला लागला की तुम्ही निर्धास्त. किचनच्या काट्यावर रोज सकाळी वजन करायला शिकवा, कॉकटिएल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो, जायच्या आधीचं वजन कागदावर लिहून ठेवा आणि आठ-दहा ग्रॅमने उतरलं तर फोन करायचा असं ठरवून टाका. पक्षी आजारपण लपवतो, पिसं फुगवून बसलेला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

रात्री झीरोचा दिवा चालूच ठेवा. अंधारात काही वाजलं की कॉकटिएल घाबरून पिंजऱ्यात आपटतात, नवीन फुटणारी पिसं मोडून रक्त येतं. तुमच्याकडे मिरवणुकीचे ढोल असणारच.

रोहन_ठाणे
एक राहिलं. सगळे व्हेट पक्षी बघत नाहीत, त्यामुळे पक्षी बघणारा आत्ताच शोधून ठेवा, सणात दवाखाना चालू आहे का ते विचारा, आणि काकूंकडे नंबर, थोडे पैसे आणि न्यायला छोटा पिंजरा देऊन ठेवा. नाहीतर ऐनवेळी त्या बिचाऱ्या कुठे धावतील. पिंजऱ्याबाहेर मात्र आठ दिवस सोडू नका म्हणावं, एक खिडकी उघडी राहिली तरी गेला.

मृण्मयी_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. बजीवाले दादा, तुमचं वाचून लगेच चिकूची वाटी बघितली, वरचा अख्खा थर फोलपटांचा होता, आम्हीच रोज फसत होतो. नवऱ्याला दाखवलं, तो पण गप्प झाला. काकू आज येऊन गेल्या. आधी लांबच्या दांडीवर जाऊन बसला, मग राळ्याचं कणीस धरलं तर मान लांब करून एक दाणा ओढला. उद्या पुन्हा येतायत. फक्त त्यांचं संध्याकाळी भजन असतं, त्यामुळे पिंजऱ्यावर कापड सातलाच टाकावं लागेल, आम्ही नऊला टाकतो. चालेल का?

अनघा_नाशिक
चालेल की. पण ते सात आजपासूनच सुरू करा, आणि एक बाजू उघडी राहू दे.