मलावीच्या खेड्यात हातपंप बिघडला, तर परदेशी स्वयंसेवकाने पाना उचलावा का?

रानवाट: मलावीच्या खेड्यांत बहुतेक ठिकाणी आफ्रिदेव हातपंप आहे. दोन वर्षांसाठी आलेला स्वयंसेवकही वीस लिटरची बादली घेऊन तिथेच रांगेत उभा राहतो. पंप बंद पडला की बायका दांबोतल्या, म्हणजे सखल पाणथळीतल्या, उघड्या खड्ड्यावर जातात. २०२२मध्ये सुरू झालेल्या कॉलऱ्याच्या साथीत या देशात १,७०० हून जास्त माणसं गेली. मग ‘गावची पाणी समिती बघेल’ म्हणून गप्प बसायचं? काम आवाक्यातलं आहे. एकाच पान्याने झाकण आणि हँडल निघतं, पाइपातल्या सळ्या एकेक करून वर घ्यायच्या, शेवटी पिस्टन हाती लागतो. त्यावरचं रबरी यू-सील बदला, त्याची ओठासारखी कड वर राहू द्या, की झालं. पाइप उपसावे लागत नाहीत.

ओलावा: अजिबात पटलं नाही. सील स्वस्त असतं, महाग असते ती पंपासाठी गावाने वर्गणी देण्याची सवय. परदेशी पाहुणा फुकटात दुरुस्ती करतो हे एकदा दिसलं, की पाणी समितीच्या खजिनदार बाईंना घरोघरी क्वाचा, म्हणजे तिथले पैसे, मागायला तोंड उरत नाही. पाहुणा गेल्यावर दुसरं सील कोण आणणार? शिवाय त्या भागातला शिकलेला मिस्त्री याच कामावर चार पैसे मिळवतो, त्याचं काय?

काळी माती: एक भर घालते. आपल्याकडून जाणाऱ्यांच्या डोक्यात इंडिया मार्क टू हातपंप असतो. त्याची मुळं सोलापूर आणि जालन्याच्या पंपांत आहेत, त्यामुळे तो आपलाच वाटतो. पण त्यात सिलिंडर काढायला लोखंडी पाइपांची अख्खी माळ वर घ्यावी लागते. क्लँप हवेत, चार-पाच माणसं हवीत. तो हिशेब आफ्रिदेवला लावून ‘मोठी टोळी येईपर्यंत थांबा’ असं सांगणं चूक.

आणि सील बदलण्याआधी बिघाड ओळखा. पाणी येईपर्यंत हापसा, अर्धा तास थांबा, पुन्हा हापसताना दांडे, म्हणजे हँडल किती वेळा खाली-वर केलं ते, मोजा. बरेच दांडे कोरडे गेले तर पाणी खाली गळतंय: तळाच्या झडपेचा बॉबिन (झडपेतला रबरी भाग) किंवा ओ-रिंग (रबरी कडी) गेली असेल, नाहीतर पाइपाचा जोड. जोड फुटला असेल तर कितीही सीलं घाला, व्यर्थ. पाणी लगेच येतं पण धार बारीक, तर यू-सील झिजलंय. हँडल डावी-उजवीकडे हलतं, तर बुश, म्हणजे हँडलच्या पिनीवरचे बेअरिंग, बदला. ते लांबवलं की पुढे पिनही झिजते.

रानवाट: निदान मान्य. पण ओलावा, जानेवारीचं बोला. मका अजून शेतात उभा, कणगी रिकामी, न्सिमाही (मक्याच्या पिठाचं रोजचं जेवण) दिवसातून एकदाच. तेव्हा वर्गणी कुठून येणार?

ओलावा: म्हणूनच वर्गणी मे-जूनमध्ये, मका घरात आल्यावर, वर्षाची एकदम घ्यायची आणि दोन यू-सीलं, दोन बॉबिन तेव्हाच विकत आणून ठेवायचे. स्वयंसेवकाने जोर लावायचा तो इथे. दर महिन्याला थोडं थोडं मागण्याची पद्धत तिथल्या पावसाळ्यात, म्हणजे जानेवारीच्या आसपास, हमखास कोलमडते.

रानवाट: आणि तो मे यायच्या आधीच पंप बसला तर?

काळी माती: सील उसनं द्या, समितीच्या वहीत सगळ्यांसमोर लिहा. पाना मात्र समितीतल्या बायकांच्या हाती. तुम्ही सळ्या धरा.

ओलावा: वहीत लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. मिस्त्रीची मजुरीही त्याच पानावर लिहा.