गावातलं घरचं नेट: लाइट-पाण्यासारखी गरज, की ज्याची त्यानं बघायची सोय?

केजकरीण (धागा सुरू)
गेल्या महिन्याच्या २० तारखेला सकाळी साडेनऊला राउटरवर लाल दिवा लुकलुकायला लागला. मी केज तालुक्यातल्या एका गावात राहून नऊ व्यापाऱ्यांचं जीएसटीचं काम बघते. थ्रीबी रिटर्नची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या हिशेबाची, शेवटची तारीख २० असते आणि व्यापारी पावत्या देतात १८-१९ ला, त्यामुळं तीन रिटर्न भरायची राहिली होती. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज. ते मी पदरचं भरीन, पण व्यापारी पुढच्या महिन्यात फाइल उचलून बीडला नेतो, त्याचं काय? मोबाइलला घरात रेंज नाही. शेवटी भावाच्या गाडीवर बसून माळावरच्या मारुतीच्या देवळापाशी गेले. पायरीवर लॅपटॉप, बॅटरी अठरा टक्के. तिसरं रिटर्न रात्री सव्वाअकराला गेलं. तार जोडली गेली पाचव्या दिवशी.

"गावात राहायचं तर एवढं चालायचंच," असं जो तो म्हणतो. मला हे मान्य नाही. लग्नानंतर इथंच राहून कमवायचं मी ठरवलं ते या तारेच्या भरवशावर. घरचं नेट ही आता लाइट-पाण्यासारखीच गरज आहे. ते बंद पडलं की कधीपर्यंत चालू होईल आणि कोण करील, हे ठरलेलं पाहिजे. तुमचं काय म्हणणं आहे?

औशाचा_शेतकरी
ताई, तुमची धावपळ वाचून वाईट वाटलं. पण लाइट-पाण्याच्या रांगेत नेटला बसवू नका. मागच्या रब्बीत आमची डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळाली. विहिरीला पाणी असून हरभरा फुलात असताना अकरा दिवस मोटार बंद. नेट नसलं तर काम उशिरा होतं, पाणी चुकलं तर हंगाम जातो. ई-पीक पाहणीचंच घ्या, मोबाइलवरून सरकारकडं पिकाची नोंद करायची ती. शेतात रेंज नसली तरी फोटो काढून ठेवता येतो, रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. माणसानं थोडी तजवीज ठेवावी. तुम्हीही रिटर्न १५ तारखेला भरा. गावात आधी आठ तास धड लाइट येऊ द्या, मग बाकीचं.

उदगीरची_लेक
काका, तजवीज सगळ्यालाच करता येत नाही. पीक विम्यात नुकसान ७२ तासांत कळवायची अट होती, तेव्हा माझे वडील भिजलेल्या सोयाबीनचे फोटो घेऊन तालुक्याला गेले होते, कारण गावातून एकही फोटो वर चढेना. आणि सप्टेंबर २०२५ चा पूर आठवा. परंड्याकडं माझं आजोळ आहे. लाइट गेली, मग टॉवरची बॅटरी संपली, आणि दीड दिवस मामाचा फोन लागला नाही. आई रात्रभर उंबऱ्यात बसून होती. तेव्हा कुणी म्हणालं नाही की नेट ही चैन आहे.

तारजोड्या_परभणी
मी अकरा वर्षं फायबरची तार जोडतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. लाल दिवा म्हणजे फायबरमधून नेट घेऊन येणारा उजेडच घरापर्यंत पोचत नाही, तार कुठंतरी तुटली. यंत्र लावलं की साधारण किती अंतरावर तुटली ते कळतं, पण ती जागा बाभळीत असते, नाल्यात असते, नाहीतर रस्त्याच्या मुरमाखाली. काचेचा धागा केसाएवढा. तो सोलायचा, स्पिरिटनं पुसायचा, सरळ कापायचा, मशीनमध्ये समोरासमोर धरून वितळवायचा. धुळीचा कण बसला तरी जोड वाया. पावसात तर चारचाकीत बसूनच करावं लागतं, आणि माझ्याकडं आहे मोटारसायकल. चौदा गावं, वाड्या-तांडे धरून, आणि आम्ही दोघं. महिन्याला ४०० रुपये देणारं गिऱ्हाईक चोवीस तासांत माणूस मागतं तेव्हा मला राग येत नाही, पण ते जमणार नाही हे स्वच्छ सांगतो. ज्याची रोजीरोटी नेटवर आहे त्यानं दुसरी जोडणी ठेवावी. एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणारं घरचं नेट, मिळत असेल तर ते घ्या.

केजकरीण
दादा, तुमचे कष्ट मी बघते, पाचव्या दिवशी आलेल्या पोराला मीच चहा दिला. त्याच्यावर माझा राग नाही. पण दुसरी जोडणी म्हणजे दुप्पट खर्च, आणि आमच्याकडं एअरफायबर पोचतच नाही. नियमाचं बोलायचं तर ट्रायच्या, म्हणजे फोन-नेट कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०२४ च्या नियमांत तारेच्या जोडणीचा बिघाड तीन दिवसांत काढला नाही तर भाड्यात भरपाई द्यावी लागते. मला ते शे-सव्वाशे रुपये नकोत, तार टिकायला पाहिजे. एकच तार सरळ गावात येते आणि ती तुटली की सगळं गाव अंधारात, हे असं का?

तारजोड्या_परभणी
हा प्रश्न बरोबर विचारला. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना २०११ ला मंजूर झाली, तिलाच पुढं भारतनेट नाव पडलं. तिच्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत बहुतेक ठिकाणी अशीच सरळ तार होती. ऑगस्ट २०२३ च्या सुधारित आराखड्यात रिंग आहे, एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं चालू राहते. पण ती ग्रामपंचायतीपर्यंत. तिथून घरापर्यंतची तार आमच्यासारख्यांचीच, खांबावरून लोंबणारी.

आणि मी काढलेले बहुतेक बिघाड जेसीबीचे आहेत. खोदायच्या आधी कळवायचं सरकारी ॲप मार्च २०२३ पासून आहे. रस्त्याच्या गुत्तेदाराला मी स्वतः विचारलं, त्यानं नावही ऐकलं नव्हतं.

औशाचा_शेतकरी
त्याच जेसीबीनं आमची पाण्याची पाइपलाइन दोनदा फोडली. तरी माझं मत तेच, डीपी आधी. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनं धाराशिवसह चार जिल्ह्यांसाठी उपग्रहाच्या नेटसाठी इरादापत्रावर सही केली, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. डीपीसाठी कुणी फोटो काढायला येत नाही.

केजकरीण
काका, डीपीचा अर्ज तुम्ही द्या, सही मी करते. आमच्या ग्रामसभेत मी एवढंच मांडणार आहे की शिवारात खोदाई करणाऱ्यानं दोन दिवस आधी ग्रामपंचायतीला कळवावं, आणि तार नि पाइपलाइन कुठून जाते त्याचे दगड रस्त्याकडेला रोवावेत. तारजोड्या दादा, तार रस्त्यापासून किती फुटांवर आणि किती खोल असते ते सांगता का? ठरावात आकडा लिहायचाय.

तारजोड्या_परभणी
कागदावरचा आकडा आणि जमिनीतला आकडा एक नसतो, म्हणून सांगत नाही. जोडणीवाल्या पोराला घेऊन एकदा चालत जा, कुठं तार उघडी पडली ते तो दाखवील. पुलाजवळ आधी बघा.